ऐनू आजीच्या तीन कॅसेटी

बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असावं असं मला वाटतं, पण खात्री नाही, आणि आता विचारायची सोयही नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी अजून इथेच आहे, आखातात, फुजैरात, त्याच कंपनीत. टेबल मोठं झालंय आणि डोक्यावरचे केस गेलेत, एवढाच फरक. जपानी जहाजं तेल भरायला येतात, त्यांचे लोक आणि आमचे लोक एकमेकांवर वैतागतात, आणि त्यांच्या मध्ये खुर्ची टाकून मी बसतो. तुम्ही शिकवलेल्या भाषेवर माझं घर चाललंय. हे तुम्हाला ठाऊकच आहे. जे ठाऊक नाही ते लिहायला बसलोय आणि मघापासून कसनुसा होऊन नुसता पेन फिरवतोय.

तुमचं पुण्यातलं स्वयंपाकघर आधी आठवतं. बाहेरची खोली तुमच्या यजमानांच्या पुस्तकांनी भरलेली, त्यामुळे जपानीचा क्लास जेवणाच्या टेबलाभोवती. आम्ही सहा-सात जण, कॉलेज संपवून आलेलो, भुकेले. तुम्ही चहा टाकायला उठायचात, गॅस पेटवायचात आणि आधण ठेवण्याआधी तांदळाचे दोन दाणे ज्योतीत टाकायचात. मी पहिल्याच आठवड्यात आगाऊपणे विचारलं, "बाई, तुम्ही देवाला दाखवताय का?" तुम्ही म्हणालात, "हो, पण ही आपल्याकडची नाही. ही ऐनूंची अग्नीची म्हातारी." ऐनू हा शब्द तेव्हा आमच्यातल्या कुणीच ऐकलेला नव्हता. जपान म्हणजे सगळे एकच, असं आम्हाला वाटायचं. मग तुम्ही सांगितलंत की जपानच्या पार उत्तरेला होक्काइदो बेट आहे, ते मुळात ऐनू लोकांचं. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि लिपी नाही, सगळं तोंडी. यजमान तिकडे शिकायला होते तेव्हा तुम्ही तीन वर्षं त्यांच्याबरोबर राहिलात. दर रविवारी एसटीसारख्या एका खडखड्या बसनं नदीकाठच्या एका गावी जायचात, एका म्हाताऱ्या ऐनू बाईकडे. तिच्या ओठांभोवती निळसर गोंदण होतं. तुम्ही तिला आजी म्हणायचात, ती तुम्हाला 'लांबची पोर' म्हणायची. देवाशी काही बोलायचं तर ते आधी चुलीतल्या म्हातारीला सांगायचं, असं ती आजी म्हणे. माणसं बोलताना अडखळतात, शब्द चुकवतात. म्हातारी ते सगळं नीट करते आणि वर पोचवते. आम्हाला तुमची तांदळाची सवय गंमतच वाटायची. आज माझ्या फ्लॅटमध्ये इंडक्शनची शेगडी आहे, बटण दाबलं की गरम. दाणे टाकायला ज्योतच नाही.

आणि तुम्ही गोष्टी अर्ध्यावर सोडायचात. आम्ही चिडायचो. अस्वल म्हणजे देवच, तो माणसांना भेटायला येताना अंगावर केसाळ अंगरखा चढवून येतो, मांस ही त्यानं पाहुणा म्हणून आणलेली भेट, इथवर सगळं ठीक. मांस ठेवून घेऊन त्याचा जीव देवांकडे परत पाठवायच्या दिवशी गावातला म्हातारा लांबलचक गोष्ट सांगायला बसतो. चुलीच्या कडेवर काठीनं ताल धरतो, ऐकणारेही ताल धरतात, मध्येच 'हेत, हेत' अशी साथ देतात. साथ थांबली की गोष्टही थांबते. आणि ऐन रंगात आली की म्हातारा मुद्दामच गप्प होतो. का, तर पुढचं ऐकायला देवानं पुन्हा यावं म्हणून. हे सांगून तुम्ही वही मिटायचात. "उरलेलं पुढच्या बुधवारी." आम्ही डाव आणि उलथनं घेऊन टेबलाच्या कडेवर ठोकत बसायचो, शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारेपर्यंत. व्याकरणाला दांड्या मारणारा मी बुधवार कधी चुकवला नाही, ह्याचं श्रेय त्या अस्वलाला आहे.

तुमचा एका दिवसाचा राग मात्र अजून अंगावर येतो. तुम्ही मला एका कारखान्यात घेऊन गेला होतात, दुभाष्याचं काम बघ म्हणून. जपानी इंजिनीअर नवं मशीन बसवायला आलेला. तिथला फोरमन भडकलेला, तो मला म्हणाला, "ह्याला सांगा, मशीन भिकार आहे तुमचं. काल आमच्या पोराची बोटं गेली असती." मी विचार केला, पाहुण्यासमोर असं कसं बोलायचं. मी जपानीत म्हणालो, मशीन उत्तम आहे, थोडी सुधारणा झाली तर बरं. इंजिनीअर हसून वाकला. तुम्ही मागं उभ्या होतात. तुम्ही पुढं झालात आणि फोरमनचं वाक्य जसंच्या तसं सांगितलंत, भिकार आणि बोटांसकट. त्या इंजिनीअरचा चेहरा उतरला. तो जमिनीवर गुडघे टेकून मशीनच्या खाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. बाहेर कँटीनपाशी तुम्ही मला म्हणालात, "तुला वाटलं तू भांडण टाळलंस. तू त्या माणसाचं बोलणं गिळलंस. चुकलेलं नीट करून पोचवायचं काम त्या चुलीतल्या म्हातारीचं. तू कोण लागून गेलास? तू नळ आहेस, नळ. पाण्याला चव लावायची नाही." मला रडू येत होतं आणि तुम्ही मला वडापाव घेऊन दिलात.

मग मधली वर्षं. मी इकडे आलो, लग्न झालं, मुलगी झाली. सुट्टीत पुण्याला आलो की तुमच्याकडे फेरी व्हायचीच. शेवटची फेरी जूनमधली. तुम्ही पलंगावर, हाताच्या शिरा वर आलेल्या, पण चेहरा एखाद्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा. उशीखालून फडक्यात बांधलेल्या तीन कॅसेटी काढल्यात. आजीच्या आवाजातल्या गोष्टी. आजी तर कधीच गेली होती. "तिच्या मुलीचं पत्र आलंय," तुम्ही म्हणालात. "तिनं मागितल्यात रे. आपण होऊन मागितल्यात." तुम्ही ते दोनदा म्हणालात आणि मला त्यात एवढं काय ते कळलं नाही. मी नोव्हेंबरात ट्रेनिंगला जपानला जाणार होतो. पोस्टावर तुमचा भरवसा नव्हता. तू हातात नेऊन दे, म्हणालात. दुसरी प्रत करून ठेवायची का, असं मी विचारलं, तर नाही म्हणालात, आवाज त्यांच्या घरचा, आपण कोण ठेवणारे. आणि वर बजावलंत, "ऐकायच्या तर समोर बसून ऐक. काम करता करता नाही."

मी काय केलं ते आता लिहितो. दुबईच्या विमानतळावरून फुजैराला येताना, डोंगरातल्या रस्त्यावर, गाडीच्या प्लेअरमध्ये मी पहिली कॅसेट घातली. मोह झाला, दुसरं काय. काठीचा ठोका, आजीचा खालच्या पट्टीतला आवाज, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी ट्रकला ओव्हरटेक करत होतो, बायकोच्या फोनला उत्तर देत होतो. घराजवळ आल्यावर कॅसेट काढली आणि बाकीच्या दोघींबरोबर डॅशबोर्डवर टाकली. उद्या उरलेल्या ऐकू, ऑफिसला जाता-येता. त्या उद्याचे परवा झाले, आठवडे झाले, जुलै आला. एका सकाळी फोन, नांगर टाकून उभ्या असलेल्या जपानी जहाजावर तेलाच्या मापावरून तंटा झालाय, यल्ला, चला लवकर, बोट तयार आहे. गाडी बंदराच्या उघड्या पार्किंगमध्ये लावून मी गेलो. समुद्र खवळला, बोट परत येईना, दोन दिवस जहाजावर अडकलो. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच सांगत असतो की बाबांनो, उन्हाळ्यात गाडीत काही ठेवू नका, पोरांचे खडूसुद्धा नाही, सगळं वितळतं. परत आलो तर तिन्ही कॅसेटी तळलेल्या पापडासारख्या वाकलेल्या. दोन एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या बिस्किटाच्या डब्यात घातल्या, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि कुणालाही काही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

नोव्हेंबरात मी योकोहामात होतो. होक्काइदोला गेलो नाही. कशाला जाणार, काय घेऊन जाणार? तिथूनच तुम्हाला फोन केला, "बाई, दिल्या." तुमचा आवाज बारीक झाला होता. "काय म्हणाली रे?" मी म्हणालो, काही बोलली नाही, नुसत्या कपाळाला लावल्या. "कपाळाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, हो, दोन्ही हातांनी धरून. मग तुम्ही म्हणालात, "बरं. जेवलास का?" फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅसेट, पुस्तक, प्रसाद कपाळाला लावणार आपण. ऐनू बाई आदर दाखवताना तर्जनी वरच्या ओठावरून, नाकाखालून फिरवते. तुम्हीच वर्गात करून दाखवलं होतंत, आम्ही हसलो होतो. खोटं बोलायचं तर तेही मला धड तिकडचं बोलता आलं नाही. मी माझ्या आईला नजरेसमोर आणून बोललो होतो. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. मला सुट्टी मिळाली असती, मी मागितली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी तुमच्या भाच्यानं एक पत्र इकडे पाठवलं, जपानी कुणाला वाचता येत नाही म्हणून. आजीच्या मुलीचं, तुम्हाला लिहिलेलं. तिनं लिहिलं होतं, 'कॅसेटी पोचल्या का, असं तुम्ही विचारलंत. अजून नाही पोचल्या. मी वाट बघते आहे.' म्हणजे तुम्ही तिला पत्र टाकून विचारलं होतंत. त्या आजारपणात. सहज विचारलं असेल, असं मी स्वतःला खूप दिवस समजावलं. तिला मात्र मी उत्तर लिहिलं, आणि काय सुरेख लिहिलं. तुमच्याकडे शिकलेली सगळी नम्र रूपं वापरली. कॅसेटी उन्हानं नष्ट झाल्या, त्यावर आता काहीही उरलेलं नाही, दोष सर्वस्वी माझा. मला तेव्हा आपण मोठा प्रामाणिकपणा केला असं वाटलं. बाई, मी त्या डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. एकही कॅसेट मशीनला लावून बघितली नव्हती. बघायची हिंमत नव्हती, म्हणून 'काहीही उरलेलं नाही' असं लिहून मोकळा झालो.

तिचं छोटंसं कार्ड आलं. त्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. तिनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे वाटी फुटली, सुरी मोडली, तरी नुसती फेकत नाहीत. तिनं आपल्यासाठी काम केलं, म्हणून आभार मानतात, थोडं धान्य ठेवतात, आणि तिच्या देवांच्या घरी परत पाठवतात. आईनं हे शिकवलं तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. जमलं तर त्या कॅसेटींना तसं पाठवा.' मी तेही केलं नाही. कुठे पाठवणार, बिल्डिंगच्या खाली, कचऱ्याच्या पेटीजवळ? डबा फळीवरच राहिला. आम्ही दोन घरं बदलली, डबा बरोबर. मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, व्हॉट इज धिस जंक?" मी तिच्यावर खेकसलो.

गेल्या महिन्यात ईमेल आला. आजीच्या मुलीच्या नातीचा, म्हणजे आता चौथी पिढी. ती संध्याकाळच्या वर्गात ऐनू भाषा शिकते आहे, घरात बोलणारं कुणी उरलं नाही म्हणून. तिची आजी, म्हणजे ती कार्ड लिहिणारी मुलगी, गेल्यावर तिच्या सामानात माझं पत्र सापडलं. कधी गेली, तेही तिनं लिहिलं होतं. मी हिशेब केला. माझ्या पत्रानंतर ती अकरा वर्षं जगली. नात लिहिते, मोडलेल्या असल्या तरी त्या कॅसेटी पाठवाल का, आम्ही इथे नदीकाठी त्यांना रीतीनं निरोप देऊ. तिच्या जपानीत माझ्यासारखी एवढी नम्र रूपं नव्हती. साधं, सरळ मागणं होतं.

चिकटलेल्या दोन कॅसेटी निदान वेगळ्या करून, पुसून पाठवाव्यात म्हणून मी डबा घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. चाचा दापोलीकडचे, चाळीस वर्षं इथे, पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता मोबाइलच्या काचा बदलतात. दुपारची नमाज आटपून ते येईपर्यंत मी बाहेर उभा होतो. त्यांनी चष्मा चढवला, बारीक करवतीनं डबी कापली, आतलं भेंडोळं बोटावर घेऊन उजेडात धरलं.

"डबी खलास," ते म्हणाले. "पट्टीला काय झालेलं नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाजेल, साहेब. इन्शाल्ला. कवाच वाजली असती. तुम्ही आणलीच नाय."

मी स्टुलावर बसलो. चाचांनी एका जुन्या कॅसेटची डबी रिकामी करून तीत ती पट्टी बसवली, धूळ खात पडलेला डेक फडक्यानं पुसला आणि बटण दाबलं. आधी खरखर. मग काठीचा ठोका. मग आजी. आणि तिच्या मागोमाग, बरोबर तालावर, 'हेत, हेत' करणारी एक तरुण बाई. ती तुम्ही होतात. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, चांगल्या खणखणीत. तुमचा तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. त्या दिवशी गाडीत तो माझ्या कानावरून गेलाच असणार, पण मी ट्रकला ओव्हरटेक करत होतो. मला रडू फुटलं. चाचांनी फडकं पुढं केलं, त्याला थिनरचा वास येत होता. ह्या वेळी मी समोर बसून ऐकलं. तिन्ही कॅसेटी, तीन दुपारी.

तिसरीच्या शेवटी गोष्ट संपते आणि आजी जपानीत बोलायला लागते, तुमच्याशी. तिथे पट्टी चुरगळलेली आहे, आवाज हलतो, पण शब्द कळतात. ती म्हणते, "हे माझ्या मुलीला नको आहे. माझ्या तोंडावरच्या ह्या खुणांमुळे तिला शाळेत फार सोसावं लागलं. ती माझ्याबरोबर बाजारात येत नाही. तू तिच्यावर रागावू नकोस. आत्ता दिलंस तर ती फेकून देईल. पण कधी तिनं आपण होऊन मागितलं, तर तेव्हा दे." तुम्ही म्हणता, "देईन." खटका पडतो, टेप संपते.

तुम्ही तीस वर्षं त्या मागण्याची वाट बघत होतात. तिनं ते एकदा नाही, दोनदा मागितलं, आणि मी, तुमचा नळ, तिला लिहून कळवलं की पाणी नाही.

पार्सल तयार आहे. दुसऱ्या डब्यांमध्ये बसवलेल्या तीन पट्ट्या आणि वाकलेल्या जुन्या डब्यासुद्धा, त्यांना निरोप द्यायचा म्हणून. बरोबर पत्र आहे, त्यात काय घडलं ते सगळं लिहिलंय, न तपासल्याचंसुद्धा. नम्र रूपं काढून टाकली. ते पत्र उद्या जाईल. हे तुम्हाला लिहिलेलं कुठेच जायचं नाही, तेव्हा एक गोष्ट फक्त इथे सांगतो. तो शेवटचा चुरगळलेला भाग प्लेअरमध्ये अडकेल अशी चाचांना भीती होती. ते म्हणाले, "साहेब, गाणं तर संपलंय. मागं नुसतं बोलणं आहे, तेवढं कापू?" भाषा त्यांना कळत नव्हती, मला कळत होती. तेवढं कापलं असतं, तर मी कुणाच्या तोंडचं काय काढून घेतलं ते त्या पोरीला कधीच कळलं नसतं. चाचांनी ब्लेड शोधलं, पट्टीवर धरलं आणि पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. मग त्यांनी तासभर खपून तो भाग बोटानं सरळ केला. पण पहिल्यांदा विचारलं होतं, बाई, तेव्हा मी कापा म्हणालो होतो.